काळ्या पठारांचे कोडे

महाराष्ट्राच्या पठारावर बहुतेक ठिकाणी जमीन खोदायला घेतली, की थोड्याच वेळात कुदळ काळ्या दगडावर आपटते. दौलताबादचा किल्ला याच दगडावर उभा आहे. अजिंठा आणि वेरूळ येथील लेणी याच दगडात कोरलेली आहेत. रस्त्यावर पसरतात ती खडीही याच दगडाची असते. या दगडाला बेसॉल्ट म्हणतात. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तो वितळलेल्या रूपात जमिनीतून बाहेर आला आणि थंड होऊन कठीण झाला, हे आपण भूगोलाच्या पुस्तकात वाचतो.

पण हे वाचताना एखाद्या चौकस मुलाच्या मनात एक शंका येते. ज्वालामुखी म्हटला, की आपल्या डोळ्यांपुढे एक उंच, टोकदार डोंगर उभा राहतो. त्याच्या माथ्यावर मोठे तोंड असते आणि त्या तोंडातून धूर व आग बाहेर पडते. मग महाराष्ट्रात असा डोंगर का दिसत नाही? एवढा सगळा दगड जर जमिनीतून बाहेर आला, तर तो आला कोणत्या तोंडातून?

अशीच शंका एकोणिसाव्या शतकात, येथून हजारो किलोमीटर दूर असलेल्या स्कॉटलंड देशातील एका माणसाला पडली होती. त्याच्या देशातही अशीच काळ्या दगडाची पठारे होती आणि त्यांचेही तोंड सापडत नव्हते. त्या माणसाचे नाव आर्किबाल्ड गीकी. हे कोडे सोडवताना त्यांना स्वतःचेच जुने मत बाजूला ठेवावे लागले. त्यांची ही गोष्ट.

आर्किबाल्ड गीकी यांचा जन्म २८ डिसेंबर १८३५ रोजी एडिंबरो शहरात झाला. हे शहरच मोठे विलक्षण आहे. शहराच्या मधोमध एक डोंगर उभा आहे. तो सुमारे ३४ कोटी वर्षांपूर्वीच्या, आता पूर्णपणे विझलेल्या ज्वालामुखीचा अवशेष आहे. गावाचा किल्लाही अशाच एका जुन्या ज्वालामुखीच्या खडकावर बांधलेला आहे. अशा गावात वाढलेल्या मुलाचे लक्ष दगडांकडे जावे, यात नवल नाही.

आर्किबाल्डचे वडील संगीताचे जाणकार होते. घरात पुस्तके आणि गाणे होते, पण दौलत नव्हती. आर्किबाल्ड शाळेत असताना एकदा सुट्टीच्या दिवशी मित्रांबरोबर शहराबाहेरच्या चुनखडीच्या खाणीवर गेला. तेथे दगड फोडला, की आत झाडाच्या पानाचा किंवा माशाचा ठसा सापडे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जगलेल्या माशाचे खवले आपल्या तळहातावर चमकत आहेत, हे पाहून तो हरखून गेला. त्या दिवशी मुले खिसे भरून दगड घरी घेऊन आली. इतर मुलांचा नाद हळूहळू सुटला. आर्किबाल्डचा मात्र जन्मभर सुटला नाही.

शाळा संपल्यावर त्याला एका वकिलाच्या कचेरीत कामाला घातले. पुढे त्याने बँकेत नोकरी करावी, असा घरच्यांचा विचार होता. दिवसभर कागदांच्या नकला करताना त्याचे मन रमत नसे. सुट्टी मिळाली, की तो हातोडी घेऊन डोंगरात जाई. एका सुट्टीत तो अरन नावाच्या बेटावर गेला. तेथे पाहिलेल्या खडकांविषयी त्याने लेख लिहिले आणि ते एडिंबरोच्या एका वर्तमानपत्रात छापून आले. तेव्हा त्याचे वय अवघे पंधरा-सोळा वर्षांचे होते.

हे लेख ह्यू मिलर यांनी वाचले. मिलर हे मोठे नामवंत लेखक होते. तरुणपणी त्यांनी खाणीत पाथरवटाचे काम केले होते आणि दगड फोडता फोडताच ते भूगर्भशास्त्र शिकले होते. भूगर्भशास्त्र म्हणजे जमिनीच्या पोटातील खडकांचे आणि त्यांच्या इतिहासाचे शास्त्र. मिलर यांनी या मुलाला जवळ केले आणि त्याला उत्तेजन दिले. पुढे आर्किबाल्ड एडिंबरोच्या विद्यापीठात दाखल झाला, पण घरी पैशाची अडचण आली आणि शिक्षण अर्धवट सोडावे लागले. अशा वेळी मिलर यांची ओळख उपयोगी पडली. ब्रिटनच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचे प्रमुख सर रॉडरिक मर्चिसन यांच्याकडे त्यांनी या तरुणाची शिफारस केली. १८५५ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गीकी या खात्यात नोकरीला लागले.

या खात्याचे काम कष्टाचे होते. हातात नकाशा, खांद्यावर पिशवी आणि पिशवीत हातोडी घेऊन डोंगर-दऱ्या पायी तुडवायच्या. कोणता खडक कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, हे पाहून नकाशावर त्याची रेघ मारायची. पाऊस असो, थंडी असो, काम थांबत नसे. गीकी यांना हे काम मनापासून आवडले. त्यांचा हात चित्रकलेतही चांगला होता. पाहिलेल्या डोंगराचे चित्र ते तेथेच वहीत काढून ठेवत. वर्षानुवर्षे पायी हिंडल्यामुळे स्कॉटलंडचा कानाकोपरा त्यांच्या ओळखीचा झाला.

हिंडता हिंडता ते स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळील बेटांवर पोचले. स्काय, मल, एग, कॅना अशी या बेटांची नावे आहेत. येथील डोंगर त्यांना वेगळेच दिसले. त्यांचे माथे सपाट होते आणि उतार पायऱ्या-पायऱ्यांचे होते. एक कडा, मग थोडी सपाट जागा, पुन्हा एक कडा. प्रत्येक पायरी म्हणजे बेसॉल्टचा एक थर होता. मल बेटावरील बेन मोर हा डोंगर ९६६ मीटर उंच आहे. तोही मुख्यतः अशाच एकावर एक बसलेल्या थरांचा बनलेला आहे. महाराष्ट्रातील सह्याद्रीचे कडे ज्याने पाहिले असतील, त्याला ही बेटे परकी वाटणार नाहीत.

गीकी यांनी हे थर बारकाईने पाहिले. काही ठिकाणी दोन काळ्या थरांच्या मध्ये लाल मातीचा पातळ पट्टा होता. काही ठिकाणी झाडांच्या पानांचे ठसे सापडत होते. यावरून एक गोष्ट स्पष्ट होत होती. हे सगळे थर एकाच वेळी तयार झाले नव्हते. लाव्हा येऊन पसरला, थंड झाला, त्यावर ऊन-पावसाने माती तयार झाली, झाडे उगवली. आणि मग पुन्हा नवा लाव्हा येऊन त्या मातीवर आणि झाडांवर पसरला. असे अनेक वेळा घडले होते. आज आपल्याला माहीत आहे, की हे सर्व सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी घडले.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली. जुन्या खडकांना उभे चिरत गेलेले काळ्या दगडाचे पट्टे त्यांना जागोजाग आढळले. आजूबाजूचा खडक झिजून गेला, की हे पट्टे बांधलेल्या भिंतीसारखे उभे राहतात. अशा भिंतीला डाइक म्हणतात. जमिनीला भेग पडते, त्या भेगेत खालून वितळलेला खडक शिरतो आणि तेथेच थंड होतो, म्हणजे डाइक तयार होतो. स्कॉटलंडमध्ये असे हजारो डाइक आहेत. त्यांतला एक तर मल बेटापासून निघून इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ जातो. त्याची लांबी सुमारे ४०० किलोमीटर आहे.

डाइक दिसत होते आणि थरही दिसत होते. पण हे थर ज्यातून बाहेर आले, तो ज्वालामुखी कोठे होता? गीकी यांनी फ्रान्समधील विझलेले ज्वालामुखी पाहिले होते. इटलीत जाऊन व्हेसुव्हियसही पाहिला होता. तेथे सर्वत्र एक तोंड आणि त्याभोवती साचलेला शंकूसारखा डोंगर होता. अशा उद्रेकाला आज आपण केंद्रीय उद्रेक म्हणतो. स्कॉटलंडमध्येही असेच झाले असावे, असे त्या काळी बहुतेकांना वाटे. १८७४ साली जॉन जड या इंग्रज शास्त्रज्ञाने तसे ठामपणे मांडले. या बेटांवर एके काळी पाच प्रचंड ज्वालामुखी होते, त्यांच्यापासून हा लाव्हा वाहिला आणि आता त्या ज्वालामुखींची फक्त मुळे उरली आहेत, असे जड यांचे म्हणणे होते.

याहून वेगळे मत फेर्डिनांड फॉन रिश्टहोफेन या जर्मन शास्त्रज्ञाचे होते. ते अमेरिकेच्या पश्चिम भागात हिंडले होते. १८६८ साली त्यांनी असे लिहिले, की मोठ्या प्रमाणावर येणारा लाव्हा एका तोंडातून येतच नाही. तो जमिनीला पडलेल्या लांब भेगांतून वर येतो आणि पुरासारखा चहूकडे पसरतो. हे मत गीकी यांना पटले नव्हते. जमिनीला भेग पडावी आणि त्यातून मैलोगणती लाव्हा शांतपणे वाहत यावा, असे त्यांनी कोठेच पाहिले नव्हते. न पाहिलेली गोष्ट ते सहजासहजी मानत नसत.

दरम्यान गीकी यांची कीर्ती वाढत होती. १८६७ साली ते स्कॉटलंडच्या सर्वेक्षणाचे प्रमुख झाले. १८७१ साली एडिंबरो विद्यापीठात भूगर्भशास्त्राचे पहिले प्राध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. ज्या विद्यापीठातील शिक्षण पैशाअभावी सोडावे लागले होते, तेथेच ते आता शिकवू लागले. विद्यार्थ्यांना ते वर्गात थोडे आणि डोंगरावर जास्त शिकवत. मुलांसाठी त्यांनी सोप्या भाषेत छोटी पुस्तकेही लिहिली.

१८७९ साली गीकी अमेरिकेच्या प्रवासाला निघाले. हेन्री ड्रमंड हा त्यांचा तरुण विद्यार्थी त्यांच्याबरोबर होता. रेल्वेने बरेच अंतर कापल्यावर पुढचा प्रवास घोड्यावरून होता. रॉकी पर्वतातील यलोस्टोन येथील गरम पाण्याचे उसळते झरे त्यांनी पाहिले. त्यानंतर ते आयडाहो प्रदेशातील स्नेक नदीच्या मैदानाकडे आले. येथे त्यांना जे दिसले, त्याने त्यांच्या मनातील कोडे सुटले.

समोर काळ्या लाव्हाचे सपाट मैदान पसरले होते. नजर पोचेल तेथपर्यंत तेच. मैदानाच्या कडेला जुने डोंगर होते. समुद्राचे पाणी जसे किनाऱ्यावरच्या खाडीत शिरते, तसा हा लाव्हा त्या डोंगरांमधील दऱ्यांत शिरून थिजला होता. डोंगरांच्या सोंडा भूशिरांसारख्या या काळ्या समुद्रात पुढे आलेल्या होत्या. नदीने मैदान कापून खोल दरी केली होती आणि त्या दरीच्या कड्यांत लाव्हाचे थर एकावर एक रचलेले स्पष्ट दिसत होते. अगदी स्कॉटलंडच्या बेटांवर दिसत तसेच.

गीकी यांनी चहूकडे नजर फिरवली. हा सगळा लाव्हा ज्यातून आला असेल, असा एखादा प्रचंड ज्वालामुखी पर्वत कोठेच नव्हता. मैदानावर काही लहान टेकड्या होत्या, पण एवढ्या लाव्हाच्या मानाने त्या अगदीच किरकोळ होत्या. शिवाय लाव्हा जर एका डोंगरावरून वाहत आला असता, तर जमीन त्या डोंगराकडे चढत गेली असती. येथे तर जमीन सपाट होती. तेव्हा गीकी यांना रिश्टहोफेन यांचे म्हणणे आठवले. लाव्हा भेगांतूनच आला होता. आणि मग त्यांच्या ध्यानात आले, की आपल्या देशात आपण वर्षानुवर्षे पाहत आलो, ते हजारो डाइक म्हणजे त्या भेगाच आहेत. स्कॉटलंडच्या पठारांचे तोंड हरवलेले नव्हते. ते सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होते, पण कोणीही त्याला तोंड म्हणून ओळखले नव्हते.

हे कसे घडते, ते आपण नीट समजून घेऊ. सगळा लाव्हा सारखा नसतो. काही लाव्हा घट्ट असतो. तो फार दूर वाहत नाही, तोंडाजवळच साचतो आणि त्याचा डोंगर होतो. बेसॉल्टचा लाव्हा मात्र पातळ असतो. भाकरीच्या पिठाचा गोळा तव्यावर ठेवला, तर तो आपोआप पसरत नाही. डोशाचे पातळ पीठ ओतले, तर ते पसरते. बेसॉल्टचा लाव्हा या पातळ पिठासारखा आहे. त्यात अडकलेला वायूही सहज सुटून जातो, त्यामुळे मोठे स्फोट कमी होतात. असा लाव्हा लांबच लांब भेगेतून वर आला, की तो आधी खोलगट जागा भरतो, मग दऱ्या भरतो आणि शेवटी लहान टेकड्यांनाही बुडवतो. एक थर थंड होतो, काही काळाने त्यावर दुसरा येतो, मग तिसरा. असे शेकडो थर साचले, की खालची उंच-सखल जमीन पार झाकली जाते आणि वर सपाट, उंच प्रदेश तयार होतो. हेच लाव्हाचे पठार. पुढे नद्या त्यात दऱ्या कोरतात. काही थर कठीण तर काही मऊ असल्यामुळे ते सारखे झिजत नाहीत आणि डोंगरांच्या उतारांना पायऱ्यांचा आकार येतो. भेगांतून होणाऱ्या या उद्रेकाला भेगीय उद्रेक म्हणतात.

मायदेशी परतल्यावर गीकी यांना गप्प बसता आले असते. आपले जुने मत लोक विसरून जातील, असा विचार करता आला असता. त्यांनी तसे केले नाही. १८८० साली नेचर या विज्ञानाच्या प्रसिद्ध साप्ताहिकात त्यांनी लेख लिहिला. रिश्टहोफेन यांचे मत आपल्याला पूर्वी पटले नव्हते, पण आता स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर ते पटले आहे, हे त्यांनी उघडपणे कबूल केले. युरोपच्या वायव्य भागातील लाव्हाची पठारे भेगांतून आलेल्या लाव्हाने बनली आहेत, असे त्यांनी त्या लेखात मांडले. १८८८ साली त्यांनी याच विषयावर मोठा ग्रंथवजा निबंध प्रसिद्ध केला आणि १८९७ साली ब्रिटनच्या प्राचीन ज्वालामुखींवर दोन खंडांचा ग्रंथ लिहिला.

या ग्रंथात त्यांनी आइसलँड बेटाचा दाखला दिला. भेगीय उद्रेक माणसांनी पाहिला आहे, असा तो देश होता. तेथे ८ जून १७८३ रोजी लाकी नावाच्या ठिकाणी जमीन फाटली. ही भेग सुमारे २७ किलोमीटर लांब होती. तिच्यावर शंभराहून अधिक लहान तोंडे ओळीने उघडली आणि पुढच्या वर्षीच्या फेब्रुवारी महिन्यापर्यंत लाव्हा येत राहिला. त्याने सुमारे ६०० चौरस किलोमीटर जमीन झाकून टाकली. त्याबरोबर निघालेल्या विषारी वायूंनी गवत जळाले, गुरे-मेंढ्या मेल्या आणि भयंकर दुष्काळ पडला. आइसलँडच्या लोकसंख्येपैकी सुमारे एक पंचमांश माणसे दगावली. आपल्या पायाखालचे पठार किती मोठ्या उलथापालथीतून तयार झाले असेल, याची कल्पना या एका घटनेवरून येते. कारण लाकीचा लाव्हा मोठ्या पठारांच्या तुलनेत एखाद्या थराएवढाही नाही.

मत बदलण्याची वेळ गीकी यांच्यावर पुन्हा एकदा आली, आणि ती पहिल्यापेक्षा अवघड होती. स्कॉटलंडच्या वायव्य भागातील डोंगरांत जुन्या दिसणाऱ्या खडकांच्या खाली नवे खडक होते. सर मर्चिसन यांचे म्हणणे असे, की वरचे खडक जुने दिसत असले, तरी ते खरोखर नंतरचेच आहेत. जेम्स निकोल या प्राध्यापकांचे म्हणणे वेगळे होते. जमिनीच्या हालचालीमुळे जुने खडक सरकून वर आले आहेत, असे ते सांगत. १८६० साली गीकी मर्चिसन यांच्याबरोबर या भागात हिंडले आणि त्यांनी मर्चिसन यांची बाजू घेतली. मर्चिसन त्यांचे वरिष्ठ होते आणि त्यांचे त्यांच्यावर उपकारही होते. निकोल एकटे पडले आणि १८७९ साली वारले. आपले म्हणणे मान्य झालेले पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

१८८२ साली गीकी संपूर्ण ब्रिटनच्या सर्वेक्षण खात्याचे प्रमुख झाले. त्याच सुमारास चार्ल्स लॅपवर्थ या शिक्षकाने तोच भाग पुन्हा तपासला आणि मर्चिसन चुकले होते, असे दाखवले. गीकी यांनी आपल्या खात्यातील बेंजामिन पीच आणि जॉन हॉर्न या दोन उत्तम माणसांना तेथे पाठवले. पूर्वी छापलेली मते मनातून काढून टाका आणि जे दिसेल तेच नोंदवा, अशा अर्थाची सूचना त्यांनी दिली. पीच आणि हॉर्न यांनी जे पाहिले, ते आपल्या साहेबांच्याच मताविरुद्ध होते. तरी त्यांनी ते लपवले नाही. १८८४ साली गीकी स्वतः तेथे गेले. त्यांच्याबरोबर डोंगर चढले आणि खडक तपासले. जुने खडक खरोखरच मैलोगणती सरकून नव्या खडकांवर चढले होते. त्याच वर्षी गीकी यांनी नेचरमध्ये आपली आणि मर्चिसन यांची चूक मान्य केली.

खात्याचा सर्वोच्च अधिकारी सगळ्या जगापुढे आपली चूक कबूल करतो, ही गोष्ट सोपी नव्हती. पण गीकी यांच्या दृष्टीने शेवटचा शब्द अधिकाऱ्याचा नसून खडकाचा होता.

मोठमोठे मान गीकी यांना मिळाले. १८९१ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. १९०१ साली ते नोकरीतून निवृत्त झाले. पुढे १९०८ ते १९१३ या काळात ते रॉयल सोसायटी या विख्यात विज्ञानसंस्थेचे अध्यक्ष होते. त्यांचा धाकटा भाऊ जेम्स हाही नामांकित भूगर्भशास्त्रज्ञ झाला. म्हातारपणी आर्किबाल्ड गीकी यांनी आपले आत्मचरित्र लिहिले. ते १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी १० नोव्हेंबर रोजी, वयाच्या ८८ व्या वर्षी, इंग्लंडमधील हेझलमिअर येथे त्यांचे निधन झाले. योगायोग असा, की त्याच १९२४ साली अमेरिकेने स्नेक नदीच्या मैदानातील लाव्हाचा एक भाग राष्ट्रीय ठेवा म्हणून जाहीर केला. तेथे जमिनीतील सुमारे ८० किलोमीटर लांब भेगांची रांग आजही पाहता येते.

गीकी यांच्यानंतर या विषयाचे ज्ञान खूप वाढले. स्कॉटलंडच्या बेटांवर मोठे ज्वालामुखी होते, हे जड यांचे म्हणणे अगदीच खोटे नव्हते, असेही दिसून आले. मल आणि स्काय येथे अशा ज्वालामुखींची मुळे सापडली आहेत. म्हणजे दोघांच्याही म्हणण्यात काही सत्य होते. पण जगातील विशाल लाव्हा पठारे मुख्यतः भेगांतून आलेल्या लाव्हाने बनतात, ही गोष्ट आता पक्की झाली आहे. अमेरिकेतील कोलंबिया नदीचे पठार असेच बनले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे २ लाख १० हजार चौरस किलोमीटर आहे.

आपले दख्खनचे पठारही याच घराण्यातले आहे. त्याचा लाव्हा आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भागावर पसरलेला आहे आणि पश्चिमेकडे त्याची जाडी सुमारे दोन किलोमीटरपर्यंत जाते. सह्याद्रीच्या घाटातून जाताना कड्यांकडे पाहिले, तर काळ्या थरांच्या मध्ये लाल मातीचे पट्टे दिसतात. कोकणात आणि नर्मदा-तापीच्या खोऱ्यांत काळ्या दगडाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, दिसतात. दख्खनचा लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्यांच्या खुणा अशा डाइकांच्या रूपाने उरल्या आहेत. सुरुवातीला आपल्याला पडलेल्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. डोंगर दिसत नाही, कारण त्याची गरजच नव्हती.

भूगोल शिकवताना आपल्या गावापासून सुरुवात करावी, असे गीकी शिक्षकांना सांगत. गावाबाहेरची खाण, ओढ्याचा काठ, रस्त्यासाठी कापलेली टेकडी, हीच त्यांच्या मते पहिली पुस्तके होती. पुढच्या वेळी खाणीवरून किंवा घाटातून जाल, तेव्हा क्षणभर थांबा आणि थर मोजून पाहा. प्रत्येक थर म्हणजे लाव्हाचा एक पूर आहे. आणि तुम्ही पुस्तकात वाचलेले आणि समोर दिसणारे जुळले नाही, तर आधी पुन्हा नीट पाहा. गीकी यांनी जन्मभर तेच केले.